समुद्रातले मीठ आम्ल का मारत नाही?

तलासरीच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिक्षकांसाठी दोन दिवसांचे शिबिर होते. आम्ही दोघेतिघे प्रयोगशाळेत काम करणारे लोक तेथे गेलो होतो. पहिल्या दिवशी दुपारी आम्ले व आम्लारी हा विषय निघाला, तेव्हा एका शिक्षकांनी वहीत लिहून आणलेला प्रश्न वाचून दाखवला. "तीव्र आम्लाचे संयुग्मी आम्लारी सौम्य असते आणि सौम्य आम्लाचे संयुग्मी आम्लारी तीव्र असते, असे आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. ॲसेटिक आम्ल सौम्य आहे. म्हणजे ॲसेटेट हे तीव्र आम्लारी झाले. मग सोडियम ॲसेटेटचे द्रावण कॉस्टिक सोड्यासारखे दाहक का नाही?"

त्यावर उत्तर देण्याआधीच डहाणूहून आलेल्या एका शिक्षिकेने दुसरा प्रश्न टाकला. "आमच्याकडच्या औष्णिक वीजकेंद्रात धुरातला आम्लधर्मी वायू समुद्राच्या पाण्याने धुतात. समुद्राच्या पाण्यात असते ते मीठ. मीठ तर उदासीन. मग ते आम्ल मारते कोण?"

हे दोन प्रश्न एकमेकांपासून लांबचे वाटतात. प्रत्यक्षात पहिल्याचे उत्तर नीट समजले की दुसऱ्याचे अर्धे उत्तर हातात येते. म्हणून दोन्ही एकत्रच घेतो. पण आधी त्या दिवशी केलेला, आणि पहिल्या खेपेला साफ फसलेला, एक प्रयोग सांगायला हवा.

एक फसलेला प्रयोग

डहाणूच्या शिक्षिकेने दुसऱ्या दिवशी समुद्राचे पाणी दोन बाटल्या भरून आणले. गाळ बसू दिला, वरचे पाणी फडक्यातून गाळून घेतले. विचार असा होता की १०० मिलिलिटर समुद्राचे पाणी एका चंचुपात्रात आणि तेवढेच घरी केलेले मिठाचे पाणी दुसऱ्या चंचुपात्रात घ्यायचे. लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातले की खारटपणा साधारण समुद्राइतका होतो. दोन्हींत मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकायचे आणि ड्रॉपरने विरल हायड्रोक्लोरिक आम्ल सोडत जायचे. पिवळा रंग जाऊन तांबूस छटा येईपर्यंत किती थेंब लागतात ते मोजायचे. आम्ल लिटरला ०.१ मोल इतके विरल करून घेतले होते.

समुद्राच्या पाण्याला शेहेचाळीस थेंब लागले. मिठाच्या पाण्याला दोन-तीनच लागतील, असे आम्ही फळ्यावर आधीच लिहून ठेवले होते. थेंब पडत राहिले. वीस झाले, चाळीस झाले, साठ झाले, रंग पिवळाच. नव्वदच्या पुढे गेल्यावर एकदाचा तो बदलला. वर्गात हशा पिकला. समुद्राहून मीठच आम्लाचे मोठे वैरी निघाले होते!

चूक मिठात नव्हती, पाण्यात होती. मिठाचे द्रावण आम्ही शाळेच्या कूपनलिकेच्या पाण्यात केले होते. मग महामार्गावरच्या एका गॅरेजातून बॅटरीत घालायचे ऊर्ध्वपातित पाणी आणले, त्यात प्रयोगशाळेतले शुद्ध मीठ विरघळवले आणि प्रयोग पुन्हा केला. या वेळी तिसऱ्या थेंबाला रंग बदलला. कूपनलिकेच्या पाण्याकडे शेवटी परत येऊ. आधी या तीन आणि शेहेचाळीस थेंबांचे पाहू.

प्रोटॉनचे दोन दावेदार

कोपनहेगनचे ब्रॉन्स्टेड आणि केंब्रिजचे लौरी यांनी १९२३ मध्ये, एकमेकांशी संबंध नसताना, आम्ल-आम्लारींची एकच व्याख्या मांडली. जे प्रोटॉन देते ते आम्ल, जे प्रोटॉन घेते ते आम्लारी. या व्याख्येतून एक गोष्ट आपोआप निघते. आम्लाने प्रोटॉन दिल्यावर मागे जे उरते त्याला तो प्रोटॉन परत घेता येतो, म्हणजे तेही एक आम्लारीच असते. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मागे क्लोराइड उरते, ॲसेटिक आम्लाच्या मागे ॲसेटेट, कार्बोनिक आम्लाच्या मागे बायकार्बोनेट. एका प्रोटॉनचाच फरक असलेली ही जोडी, म्हणून तिला संयुग्मी म्हणायचे. युग्म म्हणजे जोडी.

येथपर्यंत पाठ्यपुस्तकात असतेच. अडचण पुढे येते. 'तीव्र' आणि 'सौम्य' हे शब्द कशाच्या तुलनेत वापरायचे? मुले पुष्कळदा तीव्र म्हणजे संहत आणि सौम्य म्हणजे विरल असे धरून चालतात. तसे नव्हे, हे शिक्षक सांगतातच. पण तीव्र कोणाच्या मानाने, हे सहसा सांगायचे राहून जाते.

पाण्यातल्या द्रावणात ही तुलना पाण्याशीच होते. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पडले की एका प्रोटॉनचे दोन दावेदार उभे राहतात, क्लोराइड आयन आणि पाण्याचा रेणू. दोघांत पाणी जिंकते, आणि तेही इतके सहज की क्लोराइडकडे प्रोटॉन जवळपास राहतच नाही. म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र. तीच गोष्ट उलट बाजूने सांगायची तर क्लोराइड हे पाण्याहूनही दुबळे आम्लारी आहे. या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच झटापटीचा निकाल दोन पक्षांकडून सांगितला, एवढेच.

आता ॲसेटिक आम्ल घ्या. येथे ॲसेटेट आणि पाणी अशी स्पर्धा आहे आणि तीत ॲसेटेट जिंकते. लिटरला एक मोल आम्ल असेल तर हजार रेणूंपैकी साधारण चारच प्रोटॉन सोडतात, बाकीच्यांत प्रोटॉन ॲसेटेटनेच धरून ठेवलेला असतो. म्हणजे ॲसेटेट हे पाण्याहून सरस आम्लारी आहे, यात शंका नाही. पण पाण्याहून सरस म्हणजे तीव्र नव्हे. तीव्र आम्लारी कोणाला म्हणायचे? जे पाण्याच्या रेणूकडून त्याचा स्वतःचा प्रोटॉन हिसकावून घेते आणि मागे हायड्रॉक्साइड सोडते त्याला. म्हणजे त्याला हायड्रॉक्साइडशी झुंजून जिंकावे लागते. ॲसेटेट येथे पार हरते. सोडियम ॲसेटेटच्या लिटरला ०.१ मोलच्या द्रावणात एक लाख ॲसेटेट आयनांपैकी सातआठच पाण्याकडून प्रोटॉन मिळवू शकतात. द्रावणाचा सामू ९ च्याही थोडा खालीच राहतो. कॉस्टिक सोड्याच्या तेवढ्याच द्रावणाचा सामू १३ असतो.

तेव्हा शिक्षकांच्या वहीतल्या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे आणि दुसरा खोटा. तीव्र आम्लाचे संयुग्मी आम्लारी नेहमी अत्यंत दुबळे असते. सौम्य आम्लाचे संयुग्मी आम्लारी मात्र बहुतेक वेळा सौम्यच असते. म्हणायचेच असेल तर इतके म्हणता येईल, की आम्ल जितके अधिक सौम्य तितके त्याचे आम्लारी कमी सौम्य. हे वाक्य पाठ करायला गैरसोयीचे आहे, हे कबूल. पण सोयीचे वाक्य चुकीचे असेल तर त्याचा उपयोग काय?

चौदा पायऱ्या

हे आकड्यांत बसवणे अवघड नाही. आम्ल आपला प्रोटॉन पाण्याला कितपत देते हे सांगणारा आम्लस्थिरांक आपल्याला माहीत आहे. तो एक अपूर्णांक असतो. वर हायड्रोनियम आणि ॲसेटेट यांच्या संहतींचा गुणाकार, खाली उरलेल्या ॲसेटिक आम्लाची संहती. ॲसेटेट पाण्याकडून प्रोटॉन कितपत घेते हे सांगणारा आम्लारीस्थिरांक याच धर्तीवर लिहायचा. वर ॲसेटिक आम्ल आणि हायड्रॉक्साइड, खाली ॲसेटेट. आता या दोन अपूर्णांकांचा गुणाकार करा. ॲसेटेट वर एकदा, खाली एकदा, गेले. ॲसेटिक आम्लही तसेच गेले. उरले काय? हायड्रोनियम गुणिले हायड्रॉक्साइड, म्हणजे पाण्याचा आयनिक गुणाकार. २५ अंश सेल्सिअसला तो १० चा उणे १४ वा घात असतो.

गंमत अशी की ॲसेटिक आम्लाचा या उत्तरात मागमूस राहत नाही. जोडी कोणतीही घ्या, गुणाकार तोच. म्हणून आम्ही वर्गात चौदा पायऱ्यांचा जिना काढतो. ॲसेटिक आम्लाच्या स्थिरांकाचा घात उणे ४.७६, म्हणून ते ४.७६ व्या पायरीवर. ॲसेटेटच्या वाट्याला उरलेल्या पायऱ्या ९.२४. अमोनियम आयन ९.२५ व्या पायरीवर आहे, म्हणून अमोनियाच्या वाट्याला ४.७५. जिन्याच्या तळाखाली हायड्रोक्लोरिक, नायट्रिक अशी तीव्र आम्ले, आणि माथ्यावर खुद्द पाणी, ज्याचे संयुग्मी आम्लारी हायड्रॉक्साइड. नेहमीच्या व्यवहारातल्या बहुतेक जोड्या मधल्या पायऱ्यांवर असतात आणि त्यांतले दोन्ही जोडीदार सौम्य असतात.

जिना चढताना आम्लारी बळावत का जाते? याचे उत्तर त्याच्यावरचा ऋण प्रभार कसा वाटला गेला आहे त्यात पुष्कळसे मिळते. हायड्रॉक्साइडवरचा प्रभार एकाच ऑक्सिजनवर एकवटलेला, म्हणून प्रोटॉनला तो जोराने खेचतो. ॲसेटेटमध्ये तोच प्रभार दोन ऑक्सिजनांत विभागला जातो, ओढ कमी होते. सल्फेटमध्ये दोन प्रभार आहेत खरे, पण ते चार ऑक्सिजनांवर पसरलेले आणि मध्ये इलेक्ट्रॉन ओढून घेणारा गंधक, त्यामुळे ओढ आणखी कमी. क्लोराइडचे कारण थोडे वेगळे आहे. त्याचा आकार मोठा, प्रभार पसरलेला आणि हायड्रोजनशी असलेला बंध फ्लोराइडच्या मानाने दुबळा. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खाते, तरी पाण्यात ते सौम्य आम्लच आहे, हे मुलांना सांगितले की 'तीव्र' आणि 'घातक' या शब्दांतला फरकही त्यांच्या लक्षात येतो.

समुद्रात आहे काय?

आता डहाणूच्या प्रश्नाकडे वळू. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते, ११ ग्रॅमच्या आसपास सोडियम, २.७ ग्रॅम सल्फेट, शिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. आणि बायकार्बोनेट? अवघे ०.१४ ग्रॅम. आयनांच्या संख्येने पाहिले तर एका बायकार्बोनेटमागे दोनशेहून अधिक क्लोराइड आयन असतात.

सोडियम, पोटॅशियम यांना प्रोटॉन घेण्याचे कारणच नाही, ते धनप्रभारित आहेत. दावेदार असू शकतात ते ऋण आयन. त्यांना आता जिन्यावर ठेवू. क्लोराइड हे हायड्रोक्लोरिक आम्लाचे उरलेले, ते तळाच्याही खाली. सल्फेट हे बायसल्फेटचे उरलेले. बायसल्फेट दुसऱ्या पायरीवर आहे, म्हणजे बऱ्यापैकी तीव्र आम्ल. तेव्हा सल्फेटही दुबळे. बायकार्बोनेट हे कार्बोनिक आम्लाचे उरलेले, ते ६.३५ व्या पायरीवर. खाऱ्या पाण्यात हे आकडे थोडे खाली सरकतात, पण क्रम बदलत नाही.

म्हणजे लिटरभर पाण्यात अर्ध्या मोलहून अधिक क्लोराइड असले तरी आम्लाच्या दृष्टीने ती नुसती गर्दी. काम करायला आहेत ते लिटरमागे सुमारे २.३ मिलिमोल आम्लारी, मुख्यतः बायकार्बोनेट, जोडीला थोडे कार्बोनेट आणि बोरेट. आमच्या प्रयोगातले शेहेचाळीस थेंब हेच सांगत होते. ड्रॉपरचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर धरले तर २.३ मिलिलिटर आम्ल लागले, त्यात ०.२३ मिलिमोल प्रोटॉन, आणि १०० मिलिलिटर समुद्राच्या पाण्यात आम्लारीही तेवढेच. शाळेतल्या ड्रॉपरने उत्तर इतके जुळले यात नशिबाचाही वाटा आहे. चाळीस-पन्नासच्या दरम्यान काहीही आले तरी समाधान मानावे.

मिठाला जे साधत नाही ते खायच्या सोड्यातल्या आयनाला साधते. दोन्ही सोडियमचे क्षार. फरक एवढाच की एकाचे मूळ आम्ल तीव्र, दुसऱ्याचे सौम्य.

धूर धुण्याचे रसायन

डहाणू तालुक्याची हकीकत येथे थोडक्यात सांगायला हवी. चिकूच्या वाड्या, मासेमारी आणि वारली वस्तीचा हा प्रदेश. केंद्र सरकारने १९९१ मध्ये अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्याच तालुक्यात खाडीकाठी प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच असलेले कोळशावरचे वीजकेंद्र १९९० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाले. वाद न्यायालयात गेला होताच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून टाकणारे संयंत्र बसवावे, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. ते प्रत्यक्ष चालू व्हायला २००७ साल उजाडले. समुद्राचे पाणी वापरणारे हे संयंत्र आहे. मुंबईत ट्रॉम्बे येथे ही पद्धत त्याआधीच वापरात आली होती.

दगडी कोळशात गंधक असतो, आपल्या देशातल्या कोळशात साधारण अर्धा टक्का. जळताना त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो. उंच चिमणीतून तो सोडला तर जवळच्या वाडीवर कमी पडतो एवढेच, नाहीसा होत नाही. दूर कोठेतरी दव-पावसातून तो खाली येतोच. म्हणून चिमणीत जाण्याआधी धूर एका मनोऱ्यातून नेतात आणि वरून समुद्राचे पाणी सोडतात.

वायू पाण्यात विरघळला की आम्ल तयार होते. पुस्तकात त्याला सल्फ्युरस आम्ल म्हणतात. ते १.८ व्या पायरीवर आहे. त्याने प्रोटॉन सोडला की मागे बायसल्फाइट उरते. आता या प्रोटॉनला दावेदार कोण? क्लोराइडने तो घ्यावा अशी अपेक्षा करणे म्हणजे १.८ व्या पायरीवरच्या आम्लाने तळघरातले आम्ल तयार करावे असे म्हणणे. हायड्रोक्लोरिक आम्लाचा स्थिरांक दहा लाखांच्या घरात धरला तर या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक कोट्यंशांत येतो. म्हणजे ती घडत नाही, असेच समजावे. बायकार्बोनेटच्या बाबतीत दोन पायऱ्यांतले अंतर साडेचारचे, आणि तेही अनुकूल दिशेने. दहाचा साडेचारावा घात म्हणजे तीस हजारांहून अधिक. इतक्या पटीने समतोल पुढच्या बाजूला झुकलेला असतो. प्रोटॉन नेहमी जिना चढून जातो, खालच्या आम्लाकडून वरच्या पायरीवरच्या आम्लारीकडे. दोन पायऱ्यांची वजाबाकी केली की तो किती ओढीने जाईल ते कळते. संयुग्मी जोड्यांचा तक्ता शिकवायचा तो याचसाठी. नुसती नावे घोकायची असतील तर तो न शिकवलेलाच बरा.

प्रोटॉन घेतलेल्या बायकार्बोनेटचे कार्बोनिक आम्ल होते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. पण काम येथे संपत नाही. पाण्यात उरलेले बायसल्फाइट फार भरवशाचे नाही. पाणी पुन्हा आम्लधर्मी झाले तर ते प्रोटॉन परत घेईल आणि सल्फर डायऑक्साइड हवेत उडून जाईल. शिवाय ते पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन खाते, आणि तो माशांना हवा असतो. म्हणून मनोऱ्यातून आलेले पाणी मोठ्या हौदात आणखी समुद्राच्या पाण्यात मिसळून त्यात भरपूर हवा सोडतात. ऑक्सिजनने बायसल्फाइटचे सल्फेट होते आणि त्याच वेळी आणखी एक प्रोटॉन मोकळा होतो. त्यालाही बायकार्बोनेटच लागते. म्हणजे गंधकाच्या प्रत्येक अणूमागे दोन बायकार्बोनेट खर्ची पडतात.

हवेचे बुडबुडे दुसरेही काम करतात, ते कमी महत्त्वाचे नाही. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड ते पाण्याबाहेर काढतात. तो पाण्यातच राहिला तर सामू खालीच राहील. सोडावॉटरची बाटली उघडून ठेवली की तिची आंबट चव कमी होत जाते, तोच प्रकार. आम्लाचा जोडीदार वायुरूपाने निघून गेला की परतीची वाट बंद होते आणि सामू चढत जातो. औष्णिक केंद्रातून सोडायच्या शीतकरणाच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ मध्ये असावा असा आपल्याकडे दंडक आहे.

शेवटी गंधक सल्फेटच्या रूपात समुद्रात जातो. सल्फेट हे असे आम्लारी की ते प्रोटॉन परत घ्यायला उत्सुक नाही, आणि घेतला तरी बायसल्फेट काही वायू होऊन उडत नाही.

आता एक ढोबळ हिशेब. एक किलो कोळशात अर्धा टक्का म्हणजे ५ ग्रॅम गंधक. तो सगळा धुरात गेला असे धरले तर १० ग्रॅम सल्फर डायऑक्साइड, म्हणजे ०.१५६ मोल. प्रत्येकी दोन प्रोटॉन, म्हणून ०.३१ मोल. लिटरमागे २.३ मिलिमोल आम्लारी असलेले समुद्राचे पाणी त्यासाठी सुमारे १३५ लिटर लागेल. किलोभर कोळशाला घागरीमागून घागरी! हे पाणी मुद्दाम वेगळे उपसायचे म्हटले तर कोणाला परवडणार नाही. पण किनाऱ्यावरच्या केंद्रात वाफ थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी मोठ्या प्रमाणात फिरवावेच लागते, आणि तेच येथे पुन्हा वापरता येते. म्हणून ही पद्धत समुद्रकाठीच शोभते. चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या आतल्या भागात चुनखडीचा आधार घ्यावा लागतो. चुनखडीतले कार्बोनेट हे बायकार्बोनेटचे उरलेले, जिन्यावर आणखी वरचे, त्यामुळे अधिक बळकट आम्लारी, आणि ते घनरूपात साठवून ठेवता येते.

डहाणूच्या शिक्षिकेचा पुढचा प्रश्न सरळ होता. मग समुद्राचे काय? आमचे उत्तर असे. या हिशेबाने लिटरमागे जास्तीत जास्त ०.११ ग्रॅम सल्फेटची भर पडते. आधीचे २.७ ग्रॅम पाहता ती फार नाही. किलो कोळशामागे १४ ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जास्तीचा सुटतो. त्याच कोळशाच्या ज्वलनातून किलोहून अधिक सुटत असतो, तेव्हा तीही मोठी भर नव्हे. खरी काळजी करायची ती बायकार्बोनेट संपलेल्या पाण्याची. पुरेशी हवा न देता, पुरेसे ताजे पाणी न मिसळता ते खाडीत सोडले तर शिंपले, कालवे आणि माशांची पिल्ले यांना ते बाधेल. रसायन बरोबर असले तरी हौद, पंप आणि सामूमापक रोज बरोबर चालावे लागतात, आणि त्यांच्या नोंदी लोकांना पाहायला मिळाव्या लागतात. पावसाळ्यात खाडीत गोडे पाणी उतरते तेव्हा आम्लारीचे प्रमाणही बदलते, हे विसरून चालणार नाही. डहाणूच्या एखाद्या शाळेने महिन्यातून एकदा खाडीच्या पाण्यावर थेंबांचा हा प्रयोग केला आणि वर्षभराचा आलेख काढला, तर तो आम्हाला पाहायला आवडेल.

कूपनलिकेचे पाणी

आता राहिले शाळेच्या कूपनलिकेचे पाणी, ज्याने आमची फजिती केली. नव्वद थेंब म्हणजे त्यात समुद्राच्या जवळजवळ दुप्पट आम्लारी होते. कोठून आले?

तलासरीचा खडक म्हणजे आपला काळा पाषाण, बेसॉल्ट. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि त्याहून अधिक मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि कार्बोनिक आम्ल होते. हे आम्ल सौम्य, ६.३५ व्या पायरीवरचे. ते पाषाणाला काय करणार, असे वाटते. पण पाषाणात सिलिकेट आहेत, आणि सिलिकेट हे सिलिसिक आम्लाचे उरलेले आहे. सिलिसिक आम्ल कार्बोनिकहूनही सौम्य, जवळजवळ दहाव्या पायरीवर. म्हणजे सिलिकेट हे बायकार्बोनेटहून बळकट आम्लारी. प्रोटॉन जिना चढून सिलिकेटकडे जातो, खडक अतिशय सावकाश झिजतो, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटे होऊन पाण्यात येतात आणि त्यांच्या सोबतीला बायकार्बोनेट उरते. कूपनलिकेतून उपसतो ते हेच पाणी. किटलीत बसणारा पांढरा थरही त्याचाच.

हेच पाणी झऱ्यांतून ओढ्यांत, ओढ्यांतून सूर्या-वैतरणेत आणि तेथून समुद्रात जाते. डहाणूच्या मनोऱ्यात धुरातले आम्ल झेलणारे बायकार्बोनेट कधीकाळी अशाच कोठल्या तरी खडकातून आलेले असते. शिक्षिकेने उरलेली दुसरी बाटली परत नेली नाही. ती शाळेच्या प्रयोगशाळेत कूपनलिकेच्या पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवली आहे, दोन्हींवर चिठ्ठ्या लावून : शेहेचाळीस थेंब, ब्याण्णव थेंब.